श्रीरंगरावांचं लॉगिन

मल्लेश्वरम, बंगळूर
१० ऑगस्ट १९९७

वीणे,

तुझ्या बँकेनं बाहेरची ई-मेल बंद केली हे एका अर्थी बरंच झालं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की भांडणाला धार येत नाही, आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे.

आधी खुशाली. जागा मिळाली. संस्थेपासून चालत जाता येईल अशी, वरच्या मजल्यावरची खोली. मालकीणबाई कल्पना आगाशे, मी काकू म्हणते. त्यांचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलण्यात मध्येच कानडी डोकावतं. "स्वल्प घे गं" म्हणत भात वाढतात आणि ताटात डोंगर रचतात. त्यांचे यजमान श्रीरंगराव आमच्याच संस्थेत शास्त्रज्ञ होते. गेल्या डिसेंबरात ते गेले. एकुलता एक मुलगा मुकुल अमेरिकेत, मिनेसोटाला संशोधन करतो.

आता काम. आमच्याकडे घरून मोडेमनं संस्थेचा नंबर फिरवायचा, नाव आणि पासवर्ड द्यायचा, की आत येता येतं. पण माणसं ओळखायची यादी प्रत्येक मशीनची वेगळी. कुणी नोकरी सोडली की एका मशीनवरून नाव काढतात आणि बाकीच्यांवर ते तसंच राहतं. मे महिन्यात उघड झालं की आमचा एक जुना विद्यार्थी, होसकोट्याच्या कारखान्यात कधीचा चिकटलेला, अजून आमच्याच लायनीवरून फुकट इंटरनेट वापरतोय. तेव्हा आमचे प्रमुख कृष्णमूर्ती यांनी फर्मान काढलं, की ओळख पटवायचं काम यापुढे एकाच ठिकाणी. मोडेमांच्या सगळ्या पेट्यांनी त्या एकाला विचारायचं, आणि तो सांगेल ते ऐकायचं. विचारायची पद्धत कोणती घ्यावी, रेडियस की टॅकॅक्स प्लस, याची तुलना करून शिफारस करायची आहे. काम माझ्या गळ्यात. नवी व्यवस्था एक जानेवारीपासून सुरू व्हायला हवी.

तू बँकेत टॅकॅक्स वापरतेस आणि त्याचे गोडवे गातेस. मला रेडियस बरं वाटतंय. तर होऊन जाऊ दे.

पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जास्त अवघड आहे. राहायला आले त्याच आठवड्यात एका दुपारी मी घरी होते, तर खालून मोडेमची किरकिर ऐकू आली. जाऊन बघते तर काकू श्रीरंगरावांच्या खुर्चीत बसून, श्रीरंगरावांच्या मशीनवरून, श्रीरंगरावांच्या नावानं आत गेलेल्या. मुकुलला पत्र लिहायला. त्याला फोन परवडत नाही आणि कागदावर लिहायची त्याला सवय नाही. ई-मेलला मात्र उत्तर द्यायचा. "द्यायचा" म्हणते, कारण आता उत्तरं लांबत चालली आहेत. काकू रोज जेवण झालं की बघतात. काही आलेलं नसलं की मशीनवर कापड घालतात आणि त्या दिवशी माझ्याशीही बेताचंच बोलतात.

तुझ्या लक्षात आलंच असेल. माझं काम चोख झालं की गेलेल्या माणसाचं नाव सगळीकडून एकदमच जाणार, आणि त्याबरोबर काकूंचं मुलाशी बोलणंही. त्या संस्थेच्या कुणीच नाहीत, त्यांना वेगळं नाव मिळायचं काही कारण नाही. मी अजून त्यांच्यापाशी अवाक्षर काढलेलं नाही. तुला काय वाटतं?

सुखदा


माहीम, मुंबई
२३ ऑगस्ट १९९७

सुखदाबाई,

भांडायला मी कधी नाही म्हटलंय? होस्टेलवर तू माझी बादली वापरायचीस तेव्हापासूनची सवय आहे.

टॅकॅक्सच्या बाजूनं माझं म्हणणं साधं आहे. दाराशी आलेल्या माणसाबद्दल तीन प्रश्न असतात. हा कोण? ह्याला काय काय करू द्यायचं? आणि आत जाऊन ह्यानं काय केलं? टॅकॅक्स हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारतं. तुझं रेडियस पहिल्या दोहोंचं उत्तर एका दमात देऊन मोकळं होतं. ओळख पटली ना, मग घ्या आत. शिवाय रेडियसमध्ये झाकलेला असतो फक्त पासवर्ड. कोण आलं, कुठून आलं हे सगळं उघड्यावर. आमच्याकडे अख्खा मजकूर झाकून जातो.

परवाचंच उदाहरण देते. आमच्याकडे निहार म्हणून नागपूरचा एक नवा मुलगा लागलाय. हुशार आहे, पण हाताला चैन नाही. शाखांना जोडणारे राउटर बघायची परवानगी त्याला आहे, बदलायची नाही. ह्यानं बघता बघता बदलायची आज्ञा टाइप केली. टॅकॅक्सनं ती एकच आज्ञा नाकारली आणि बाकीचं काम चालू ठेवलं. तो निहार आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रश्न होता निहारनं काय करावं हा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले म्हणून त्या दिवशी आमच्या शाखा चालू राहिल्या.

आता तुझ्या काकू. तुला आवडणार नाही, पण सांगते. ते नाव बंद करायलाच हवं. मशीनच्या दृष्टीनं काकू अस्तित्वातच नाहीत. मशीनला एवढंच ठाऊक आहे की श्रीरंगराव रोज दुपारी जेवून आत येतात. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तुझ्या नाही आला?

आणि त्या मुकुलचं काय? वडील जाऊन वर्ष व्हायचंय आणि आईला चार ओळी लिहायला जमत नाही. तिकडे गेले की असंच होतं सगळ्यांचं. तू उगाच एका आळशी मुलासाठी संस्थेचे नियम वाकवू नकोस.

वीणा


मल्लेश्वरम
२१ सप्टेंबर १९९७

वीणे,

आधी तुझ्या टॅकॅक्सचा समाचार घेते. ते एका कंपनीचं अपत्य आहे. तुमच्या बँकेत सगळ्या पेट्या त्याच कंपनीच्या, म्हणून तुमचं गोड चाललंय. आमच्याकडे तीन कंपन्यांच्या आहेत. सरकारी खरेदी, ज्या वर्षी जी स्वस्त मिळाली ती आणली. त्या तिघींना एकच भाषा येते, ती रेडियसची. त्याचा मसुदा याच वर्षी सगळ्यांसाठी खुला छापलाय, कुणीही वाचावा आणि कुणीही बनवावं. मी दोन्ही पद्धती एका जुन्या मशीनवर लावून बघतेय. टॅकॅक्स आधी रीतसर जोडणी करून मग बोलतं. रेडियस नुसती हाक मारतं आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा मारतं. गावठी आहे, पण त्यात एक सुटसुटीतपणा आहे. मला मजा येतेय, खोटं कशाला सांगू.

काकूंनाही येत होती. रोज संध्याकाळी विचारायच्या, आज काय केलंस. एकदा जेवताना मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मोडेमची पेटी स्वतः कुणालाच ओळखत नाही, ती आतल्या एकाला विचारते, आणि त्या दोघांत आधीच ठरलेला एक गुप्त शब्द असतो, म्हणजे मध्ये तिसऱ्याला खोटं उत्तर देता येऊ नये. काकूंनी घास हातात धरून ऐकलं. मग म्हणाल्या, म्हणजे ओळखणारा एकच, आणि बाकी सगळे त्याच्या शब्दावर? तो आजारी पडला तर? मी चाट पडले. म्हटलं, म्हणून दोन ठेवायचे, एक पडला की दुसऱ्याला विचारायचं. त्यावर त्यांनी पुढचं विचारलं, तो जुन्या माणसाला विसरतो कधी? आणि मला कळेना की त्या सहज विचारताहेत की मुद्दाम.

मग मी सांगून टाकलं. जानेवारीत काय होणार आहे ते.

वीणे, मी आयुष्यात इतकं वाईट काही सांगितलं नव्हतं. काकूंनी ताट तसंच ठेवलं.

"ह्यांचं नाव काढणार, असं सरळ म्हण की." 

मी म्हटलं, कृष्णमूर्तींना विचारून तुमच्या नावानं काही करता येतं का बघते. त्या म्हणाल्या, "मला नको माझ्या नावानं. मुकुलला ह्यांचा पत्ता पाठ आहे. आधीच तो कमी लिहितोय. पत्ता बदलला की पूर्ण थांबेल, आणि मग मी कुठे शोधू त्याला?"

त्यानंतर दोन आठवडे आमचं बोलणं डब्यापुरतं आहे. डबा मात्र रोज भरून देतात आणि पूर्वीइतकाच गच्च. त्याचंच जास्त वाईट वाटतं. मला काकू आवडतात गं, हे घर आवडतं. आणि माझ्याच कामानं मी इथे परकी झालेय.

सुखदा


माहीम
७ ऑक्टोबर १९९७

सुखदा,

गेल्या पत्रात मी जरा फटकन बोलले. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, तर तीच माझ्यावर उखडली. म्हणाली, यंत्राला काय कळतंय ते सांगू नकोस, त्या बाईला काय वाटतं ते बघ. तर बघतेय.

मला असं दिसतं. "काकू कोण" आणि "काकूंना आत येऊन काय करू द्यायचं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना मुलाला पत्र लिहायचंय, एवढंच. त्यात कुणाचं काही जात नाही. पण तुम्ही लोक पहिल्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊन दुसऱ्याचं खरं मिळवताय. ते जानेवारीत उघडं पडणार म्हणून तू घाबरलीस. मग पहिल्याचं उत्तर खरं का देत नाही? संस्था काकूंना त्यांच्या स्वतःच्या नावानं कुठे तरी ओळखत असेलच. शोध. कँटीन, ग्रंथालय, काही तरी. 

"मला नको माझ्या नावानं" असं त्या का म्हणाल्या ते मला समजलं असं वाटतं. माझ्या आईचा गॅस बाबांच्या नावावर, फोन बाबांच्या नावावर, दारावर पाटी बाबांची. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, अजून "पाटणकर आहेत का" म्हणून फोन येतो आणि आई "बोला" म्हणते. तिला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट बरं वाटतं, असं ती परवा प्रथमच बोलली.

तीन कंपन्यांच्या पेट्यांचा मुद्दा मान्य. पण राउटर सांभाळणाऱ्या माणसांसाठी तरी टॅकॅक्सचा विचार कर. तिथे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

वीणा


मल्लेश्वरम
९ नोव्हेंबर १९९७

वीणे,

तुझा तर्क बरोबर निघाला. संस्थेच्या दवाखान्यात काकूंचं कार्ड आहे, कल्पना श्रीरंग आगाशे, कुटुंब निवृत्तिवेतनधारक. रक्तदाब तपासायला गेल्या की कंपाउंडर त्यांनाच नावानं हाक मारतो, श्रीरंगरावांना नाही. ते धरून मी कृष्णमूर्तींकडे गेले. हा माणूस पेन्सिल हवी असली तरी अर्ज मागतो. मी म्हटलं, दवाखाना ज्यांना आपलं म्हणतो त्यांना आपण का म्हणू नये? सगळ्या निवृत्तांना आणि त्यांच्या घरच्यांना फक्त पत्रव्यवहारापुरतं आत घेऊ. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, आगाशेंचं नाव सगळ्या मशीनांवरून काढायचं काम माझंच होतं. त्याच्याबरोबर रोज कॉफी प्यायलो, ती कळ मला दाबवली नाही. मग कानडीत "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि अट घातली, की फक्त टपालाच्या मशीनपर्यंत, पुढे एक पाऊल नाही.

आता तुझ्या एका दमातल्या उत्तराबद्दल. मी करून बघितलं. रेडियस ओळख आणि परवानगी एकदम सांगतं हे खरं, पण त्या एका उत्तरात "हो, पण ह्यांना अमुक मशीनवरच सोड" असं सांगता येतं. काकूंसारख्यांना तेवढं पुरे. दर आज्ञेला अडवून विचारायचं असेल तर मात्र ते रेडियसला जमत नाही, तिथे तू जिंकलीस. राउटरवाल्यांसाठी टॅकॅक्स घालतेय. फुशारून जाऊ नकोस.

तर काकूंचं नाव तयार आहे, जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र आपोआप नव्याकडे जाईल अशीही सोय केली. हरवणार काहीच नाही. काकूंना सांगितलं. त्या "बघू" म्हणाल्या. मुकुलचं एक उत्तर येऊ दे, मग बघू. आणि मुकुलचं उत्तर येत नाही. दिवाळीला काकूंनी लांबलचक पत्र लिहिलं होतं, चिरोट्यांपासून शेजारच्या अंबूबाईंच्या नव्या सुनेपर्यंत. त्यावर शुभेच्छांची एक ओळसुद्धा नाही.

मग मी एक आगाऊपणा केला. गेल्या सोमवारी ऑफिसातून मुकुलला माझ्या नावानं पत्र पाठवलं. मी कोण ते सांगितलं आणि मग जे तोंडाला आलं ते लिहिलं. तुमची आई रोज जेवून उठते आणि रिकामी टपालपेटी बघते, तुम्हाला दोन ओळींची लाज वाटत नाही का, वगैरे.

त्याच दिवशी त्याचं उत्तर आलं. फार छोटं. "तुम्हाला सगळं माहीत नाही. मी तुम्हाला लिहिलं हे कृपया आईला सांगू नका. ती बरी आहे ना? खाते ना नीट?" एवढंच.

काय अर्थ लावायचा याचा? मला तर वाटतं तिकडे कुणाशी लग्नबिग्न केलंय आणि आईला सांगायची छाती होत नाही. काकूंना कळलं तर काय होईल? आणि मी त्यांच्यापासून हे लपवतेय.

सुखदा


माहीम
२४ नोव्हेंबर १९९७

सुखदे,

तू इंजिनीअर आहेस का कादंबरी लिहितेयस? लग्नबिग्न म्हणे.

आपण एखादा बिघाड शोधताना काय करतो? काय चालतंय आणि काय चालत नाही, दोन्ही शेजारी ठेवतो. मुकुलची ई-मेल चालते. त्याला लिहायला वेळ आहे, कारण एका अनोळखी, तोंडाळ मुलीला त्यानं त्याच दिवशी उत्तर दिलं. आईची काळजीही आहे, कारण त्यानं पहिलं विचारलं ते जेवणाचं. म्हणजे मी त्याला आळशी म्हणाले ते चूक. तू त्याला बेपर्वा म्हणालीस तेही चूक. मग तुझं पत्र आणि आईचं पत्र यात फरक काय?

मला एकच फरक दिसतो. तुझं पत्र गेलं तेव्हा त्याच्या पडद्यावर तुझं नाव आलं. आईचं जातं तेव्हा कुणाचं येतं?

मी पहिल्या पत्रात सहज लिहिलं होतं ना, की मशीनला वाटतं श्रीरंगराव येतात. फक्त मशीनलाच वाटत असेल असं आपण धरून चाललो. पण आपलं नाव एकदा आत पटलं की ते पुढच्या सगळ्या जगाला तसंच सांगितलं जातं.

मी चुकत असेन. पण तपासणं सोपं आहे. काकूंना एकदा, फक्त एकदा, त्यांच्या नावानं लिहायला लाव. जुनं नाव अजून आहेच, त्यामुळे त्यांचं काही जात नाही. हे मात्र त्यांना आधी सांगू नकोस. मी चुकले तर उगाच त्यांच्या मनाला लागेल.

लगेच कळव. इथे माझी आई रोज विचारते, त्या बंगळूरच्या बाईंच्या मुलाचं आलं का पत्र.

वीणा


मल्लेश्वरम
१४ डिसेंबर १९९७

वीणे,

शिफारस दिली, कृष्णमूर्तींनी सही केली. मोडेमवरून येणाऱ्यांसाठी रेडियस, राउटर सांभाळणाऱ्यांसाठी टॅकॅक्स. दोघीही जिंकलो, म्हणजे भांडण फुकट गेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिहायला लागले की हे राहून जाईल.

तुझं पत्र आल्यावर मी बरेच दिवस काकूंना कसं विचारावं याचा विचार करत होते. शेवटी त्यांच्या चौकसपणालाच हात घातला. आज रविवार. सकाळी कॉफी झाल्यावर म्हटलं, काकू, माझी नवी व्यवस्था चालते का हे बघायला मला संस्थेबाहेरचं एक माणूस हवंय. बाकी कुणी मला धड प्रश्न विचारत नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मला वाटलं, ओळखलं ह्यांनी. पण त्या पदर खोचून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, काय करायचं सांग.

नाव विचारलं तेव्हा त्यांनी सवयीनं श्रीरंगरावांचंच टाइप केलं आणि पासवर्ड मात्र नवा दिला. मशीननं नाकारलं. काकू हसल्या, किती तरी दिवसांनी. म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं, मी ते नाहीच. मग सावकाश एकेक अक्षर शोधत स्वतःचं नाव लिहिलं. मशीननं आत घेतलं. काकूंनी लगेच विचारलं, आत्ता कुठे विचारून आला तो? मी सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तर पुन्हा तेच सांगेल ना? सांगेल, म्हटलं. मग त्यांनी मुकुलला लिहिलं. तीनच ओळी. हे नवं आहे, सुखदानं करून दिलंय, तपासून बघतेय, तू कसा आहेस.

तिकडे रात्र होती. आम्ही आमच्या कामाला लागलो. मी तांदूळ निवडायला बसले आणि काकूंनी सांबाराची तयारी घेतली. भात व्हायच्या आत त्या सहज म्हणून बघायला गेल्या, आणि मला हाक मारली. हाक अशी होती की मी ताट टाकून धावले.

मुकुलचं पत्र आलं होतं. त्यांनी मला वाचायला दिलं म्हणून तुला लिहितेय, आणि तुझ्या आईला सांगायलाही त्यांची परवानगी आहे.

"आई, आज तुझं नाव दिसलं. इतके महिने पेटी उघडली की बाबांचं पत्र आलंय असं दिसायचं. दर वेळी मला क्षणभर खरं वाटायचं, आणि मग आठवायचं. उघडायला आठवडे लागायचे. दिवाळीचं अजून तसंच आहे, उघडलेलं नाही. तुला सांगावं असं कितीदा वाटलं, पण तू त्यांच्या खुर्चीत बसून लिहितेस हे मला ठाऊक होतं. ते तुझ्याकडून कसं काढून घेऊ? आता दिवाळीचं वाचतो. सगळी वाचतो. तू रोज लिही."

काकूंनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्या बोलल्या, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे.

"मला वाटायचं, ह्यांच्या नावानं गेलं की त्याला बरं वाटेल. घरातलं कुणी कमी झालंय असं वाटणार नाही."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी रडलो, लाज न वाटता. भात लागला तो वास येईपर्यंत आम्ही उठलो नाही.

जेवण झाल्यावर मी वर जायला निघाले तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, ते जुनं नाव बंद कर. मी म्हटलं, घाई नाही काकू, एक तारखेला आपोआप जाईल, मी कृष्णमूर्तींना सांगते. त्या म्हणाल्या, आपोआप नको. कृष्णमूर्तीला जमायचं नाही ते. तू कर.

श्रीरंगरावांची सगळी जुनी पत्रं मी आधीच फ्लॉपीवर उतरवून ठेवली होती, ती काकूंच्या हातात दिली. मग श्रीरंगरावांच्या खुर्चीत बसून माझ्या नावानं आत गेले. नाव काढायची आज्ञा टाइप केली आणि हात तिथेच राहिला. कृष्णमूर्तींना मी मनातल्या मनात भित्रा म्हटलं होतं, ते परत घेते.

"स्वल्प थांब," काकू म्हणाल्या. आतून एक स्टूल आणलं, माझ्या शेजारी टेकवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या. "हं. आता दाब."

मी दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही. पुढची ओळ रिकामी आली, एवढंच. काकूंनी विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. माझ्या पाठीवरचा हात आधी जड होता, मग हलका झाला.

मग म्हणाल्या, "ऊठ आता. मला मुकुलला लिहायचंय."

सुखदा